खुंटीवरचं पागोटं

एक होता राजा. कुठला, ते विचारू नका, कारण त्या गावाला जायची वाट आता फक्त गोष्टीतून उरली आहे. रेवा, पाय आत घे गं. मनू, तू इकडे सरक, माझ्या कुशीत. हं. तर एक होता राजा, आणि त्याच्या दरबारात होती एक खुंटी.

तुम्ही म्हणाल, खुंटीचं काय एवढं? खुंटी तर आपल्या दाराआडही आहे. पण ही खुंटी करंजाच्या लाकडाची होती. राजाच्या गावाशेजारून नदी वाहायची. नदीच्या घाटावर एक म्हातारा करंज होता. नावेची वाट बघणारी माणसं त्याच्याच सावलीत बसायची आणि बोलायची. मनातलं बोलायची, घरातलं बोलायची, शेजाऱ्याचंही बोलायची बरं का! करंज सगळं ऐकायचा. ऐकून ऐकून त्याचं लाकूड शहाणं झालं होतं. मग एकदा पुरात त्याची एक फांदी मोडली. राजाच्या पणजोबांनी ती उचलून आणली आणि तिची खुंटी करून दरबाराच्या भिंतीत ठोकली.

त्या खुंटीवर कुणाचं पागोटं टांगलं, की ते पागोटं बोलायला लागायचं.

हो, खरंच! ज्याचं पागोटं, त्याच्याच आवाजात. ते डोक्यावर असताना धन्यानं काय काय केलं, ते सगळं घडाघडा सांगायचं. पागोट्याला काय ठाऊक नसतं? ते तर विचारांच्या वरच बसलेलं असतं.

पणजोबांनी मग दोन कायदे केले. साध्या माणसानं चोरी केली तर नदीपलीकडच्या तुरुंगात जायचं. आणि राजाच्या कारभाऱ्यानं, म्हणजे शिक्का हातात असलेल्या माणसानं, लोकांचं काही खाल्लं, तर त्याचं पागोटं सूर्य मावळेपर्यंत खुंटीवर टांगायचं. बस्स. एवढीच शिक्षा.

"एवढीच?" असं म्हणू नकोस, रेवा. त्या काळी ती फार मोठी होती. एका कारभाऱ्यानं कुणाच्या तरी मांडवावरचा एक भोपळा उगाच घेतला होता. त्याचं पागोटं टांगलं. "मी भोपळा घेतला, मी भोपळा घेतला," असं ते दिवसभर सांगत राहिलं. तो बिचारा बोडक्या डोक्यानं उभा. कानापर्यंत लाल झाला. घरी जाऊन जेवलासुद्धा नाही. मग त्यानं काय करावं? गावातल्या प्रत्येक परसात आपल्या हातानं भोपळ्याचा वेल लावून दिला. लोक अजून सांगतात, त्या वर्षी गावात भोपळ्याचे घारगे खाऊन खाऊन मुलं कंटाळली.

अशी लाज होती तेव्हा. म्हणून तेवढी शिक्षा पुरली.

मग पणजोबा गेले, आजोबा गेले, वडील गेले आणि आपला राजा गादीवर आला. तोवर काय झालं होतं ठाऊक आहे? लाज सरली होती, आणि कायदा तोच राहिला होता.

कारभारी हुशार झाले. ते दोन दोन पागोटी बाळगायला लागले. एक टांगायचं, एक घालायचं! त्यातही उन्हं कलल्यावरच दरबारात यायचे. म्हणायचे, "हं, टांगा बाबा, टांगा." सूर्य तर डोंगराला टेकलेलाच. पागोटं बोलायला लागलं, की लोक हसायचे. कारभारीही हसायचा. कुणी कुणी तर फुटाणे खिशात घालून यायचे ऐकायला. मग सूर्य मावळला की पागोटं काढायचं, झटकायचं, आणि चालले घरी.

म्हणजे बघा हं. सगळ्यांना सगळं कळायचं, आणि व्हायचं मात्र काहीच नाही.

आता राजाचं सांगते. राजा वाईट नव्हता. उलट फार मऊ होता, ताज्या लोण्यासारखा. तो पाळण्यात असतानाच त्याची आई देवाघरी गेली. मग त्याला कुणी पाजलं? येसूआईनं. येसूआईला तेव्हा स्वतःचा मुलगा होता, माणकोजी. ती एका मांडीवर राजाला घ्यायची, एका मांडीवर माणकोजीला. दोघं एकाच अंगाईत झोपायचे. एकाला ताप आला की दुसरा रडायचा. दोघं दूधभाऊच ते! मोठेपणी राजा गादीवर बसला, आणि पहिल्याच दिवशी त्यानं माणकोजीला जवळ बोलावलं. म्हणाला, "माणक्या, तू माझा कारभारी." आणि आपल्या हातानं त्याच्या हाती शिक्का दिला.

पहिलं काम दिलं दिव्यांचं. गावाच्या प्रत्येक चौकात दिवा होता. त्यात राजाच्या घाण्यावरचं करडईचं तेल घालायचं. माणकोजीनं काय केलं? निम्मं तेल दिव्यात, निम्मं घरात. घरी रोज तळण. आज चकल्या, उद्या करंज्या. येसूआई म्हणायची, "अरे, रोज रोज सण कसा रे आपल्याकडे?" तो म्हणायचा, "तू खा गं आई." ती भोळी, खायची.

तिकडे चौक अंधारले. दिवेलागणीला एक कासार डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन येत होता. त्याला दिसेना. ठेच लागली आणि सगळ्या बांगड्या खळकन फुटल्या. त्या वर्षी गावातल्या मुलींचे हात रिकामे राहिले.

मग माणकोजीचं पागोटं टांगलं. पागोट्यानं सगळं सांगितलं, अगदी चकलीचे काटे किती कुरकुरीत होते तेसुद्धा! लोक हसले. माणकोजीही हसला. राजा म्हणाला, "माणक्या, हे काही बरं नाही हं." माणकोजी म्हणाला, "चुकलं, महाराज." राजाला वाटलं, याला त्या तेलापासून लांब ठेवावं, म्हणजे झालं. त्यानं माणकोजीची बदली केली.

बदली कुठे? धान्याच्या कोठारात!

हसतेस काय, रेवा? गावही असंच हसलं. मग हसून हसून गप्प झालं.

आषाढात हाताला काम नसतं. तेव्हा गरिबाच्या घरी चूल विझू नये म्हणून कोठारातून ज्वारी वाटायची रीत होती. माणकोजीनं चांगली ज्वारी गाड्या भरून परगावी धाडली, आणि उरलेल्यात वाळू मिसळली. बायका सुपात पाखडायच्या, तर दाणे मूठभर आणि वाळूच फार.

त्या गावात लिंबाजी नावाचा एक माणूस होता. लोकांच्या घरांची छपरं शाकारायचा. उन्हाळ्यात कामच काम, पण पाऊस लागला की रिकामा. त्याला बायको नव्हती, एक मुलगी होती, बकुळा. तुझ्याएवढी, मनू. बकुळा वाळूची ज्वारी निवडत बसायची. निवडता निवडता एक दिवस ती तिथेच आडवी झाली. रडली नाही, मागितलं नाही. नुसती पोटाशी पाय घेऊन झोपली.

लिंबाजीला ते बघवेना. कोठाराचं छप्पर त्यानंच शाकारलेलं होतं. तो वर चढला, गवताची पेंढी बाजूला केली, खाली उतरला आणि पाटीभर ज्वारी घेऊन आला. पकडला गेला. त्याला कसलं पागोटं टांगायला? डोक्याला फाटकं फडकं होतं. शिपायांनी त्याला नावेत बसवलं आणि नदीपलीकडे तुरुंगात नेलं.

आणि माणकोजी? त्याचं पागोटं टांगलं. दुसऱ्यांदा. पागोट्यानं वाळूचं सांगितलं, परगावच्या गाड्यांचं सांगितलं. सूर्य मावळला. राजा म्हणाला, "माणक्या, फार झालं हं आता." आणि पुन्हा बदली केली.

"पण त्याला तुरुंगात का नाही टाकलं?"

तेच तर, रेवा! तुझ्यासारखं तावातावानं विचारणारं तिथे कुणी नव्हतं ना. सगळे म्हणायचे, रीतच आहे तशी. जुनी आहे. चालायचंच. रीत जुनी झाली म्हणून खरी होत नाही गं. ऐक पुढे. आता खरं संकट येतंय.

बदली झाली नदीच्या घाटावर. जुनी नाव झिजली होती. राजानं नव्या नावेसाठी जंगलातून साग आणवला. काय तो साग! ठोकला तर घंटेसारखा वाजायचा. माणकोजीनं तो घरी नेला आणि त्याचा केला झोपाळा. पितळी कड्यांचा, ऐसपैस. येसूआईला त्यावर बसवून म्हणाला, "आई, घे झोके." ती बिचारी झोके घेत जुन्या ओव्या म्हणायची.

मग नाव कशाची केली? पांगाऱ्याची. पांगारा कसा असतो? मऊ. नख ओढलं तरी ओरखडा उठतो. त्याची खेळणी छान होतात, बैल, बाहुल्या. पण बाहुलीला कुठे नदी पार करायची असते? वरून लाल काव फासली, आणि नाव दिसायला लागली अगदी सागाची.

बकुळा दर बाजाराच्या दिवशी त्या नावेतून पलीकडे जायची. फडक्यात भाकरी बांधायची, वर एक कांदा. शेजारीण भाजून द्यायची भाकरी. तुरुंगाच्या गजांमधून ती बाबाला भाकरी द्यायची आणि सांगायची, "बाबा, मी अगदी मजेत आहे हं." तोही म्हणायचा, "मीही मजेत आहे गं." दोघंही खोटं बोलायचे, बरं का. प्रेमानं बोलायचे.

त्या दिवशी नदी भरून चालली होती. नावेत भाजीवाल्या होत्या, एक म्हातारा होता, बकुळा होती. आणि पलीकडच्या महादेवाला निघालेली येसूआईही होती. तिनं बकुळाला विचारलं, "कुणाची गं तू?"

"लिंबाजीची."

"तो छप्परवाला? मग तू एकटीच पलीकडे कशाला?"

"बाबा तुरुंगात आहे. भाकरी न्यायची आहे. आजी, तुम्ही जरा तिकडे सरका ना. तुमच्या पायाखालून पाणी येतंय."

येसूआईनं खाली बघितलं. खरंच पाणी येत होतं. लाल पाणी, कावेचं! तिनं वाकून फळीला नख लावलं, तर नख आत गेलं. येसूआई गावखेड्यात वाढलेली, तिला लाकूड कळायचं. "अगं बाई, हा साग नव्हे," ती म्हणाली. आणि एकदम तिच्या डोळ्यांपुढे घरचा झोपाळा आला. ती काही बोलणार, तोच कडाड करून नाव दुभंगली.

घाबरू नकोस, मनू. मी आहे ना. आणि करंज होता ना!

घाटावरचा म्हातारा करंज वाकला. मुळं करकरली, पानं थरथरली, आणि त्यानं आपली सगळ्यात लांब फांदी नदीच्या मध्यापर्यंत पोचवली. भाजीवाल्यांनी ती धरली, म्हाताऱ्यानं धरली, नावाड्यानं धरली. येसूआईनं एका हातानं फांदी धरली. पण बकुळा कुठे होती? बकुळा भाकरीच्या फडक्यामागे गेली होती. पाणी तिला ओढत होतं. तिनं जोरात हाक मारली, "बाबा!" आणि ती पाण्याखाली गेली. येसूआईनं दुसरा हात पाण्यात घातला. हाती आली एक वेणी. म्हातारीनं ती सोडली नाही. करंजानं मग सगळ्यांना अलगद काठावर आणून ठेवलं.

सगळे वाचले. बकुळाही वाचली. तिनं डोळे उघडले, श्वास घेतला. पण बोलेना. येसूआईनं विचारलं, नावाड्यानं विचारलं. ती तोंड उघडायची, आणि आवाजच यायचा नाही. तिची हाक नदीतच राहून गेली होती, बघ. तिथेच, मधोमध, पाण्याच्या तळाशी.

येसूआई घरी गेली नाही. ओल्या लुगड्यानंच तिनं बकुळाला कडेवर घेतलं आणि ती दरबारात निघाली. तिच्यामागे नावाडी, नावाड्यामागे भाजीवाल्या, भाजीवाल्यांमागे गाव.

दरबारात माणकोजीचं पागोटं तिसऱ्यांदा टांगलेलं होतं. नावेची बातमी आधीच पोचली होती ना. उन्हं कलली होती. माणकोजीच्या डोक्यावर दुसरं पागोटं होतं, जरीचं. आणि खुंटीवरचं पागोटं खुशाल सांगत होतं, "साग घरी नेला. झोपाळा केला. पांगाऱ्याला काव फासली. हा हा, कुणाला कळणार?" सवयीनं एक जण हसला. मग त्याची नजर दाराकडे गेली आणि त्याच्या हातातले फुटाणे खाली सांडले.

राजा उठून उभा राहिला. "आई! तू भिजलीस?"

"मी वाळेन रे," येसूआई म्हणाली. "या पोरीला विचार काय झालं ते."

राजा खाली आला. गुडघे टेकून बकुळाजवळ बसला. "काय झालं, बाळ?"

बकुळानं तोंड उघडलं. शब्द नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. नुसतं डोळ्यांतून पाणी. आणि वर पागोटं आपलं बोलतच होतं, बोलतच होतं. ज्यानं केलं त्याचं पागोटंसुद्धा बोलत होतं, आणि जिनं सोसलं तिला आवाज नव्हता.

माणकोजी म्हणाला, "महाराज, वाचले ना सगळे? मग? सूर्य मावळला की मी माझं पागोटं घेऊन जाईन. कायदा आहे तसा."

येसूआई त्याच्याकडे वळली. "आहे बाबा कायदा. लाज होती तोवर तो पुरला. तुला लाज आली का रे, माणक्या? एकदा तरी?"

माणकोजीनं डोक्यावरचं जरीचं पागोटं नीट बसवलं.

मग ती राजाला म्हणाली, "मीही त्याच्या करंज्या खाल्ल्या. त्या झोपाळ्यावर झोके घेतले. आजवर विचारलं नाही, हे सगळं येतं कुठून. आता विचारते. लिंबाजीनं पोरीसाठी पाटीभर दाणे घेतले, तो पलीकडे. यानं अख्ख्या गावाच्या तोंडचं घेतलं, तो इकडे. असं का रे, राजा?"

राजा उठला. तो हळूहळू खुंटीपाशी गेला. माणकोजीचं पागोटं त्यानं काढून खाली ठेवलं. मग त्यानं काय केलं असेल?

त्यानं आपल्या डोक्यावरचा मुकुट उतरवला आणि खुंटीवर टांगला.

आजवर कुणी असं केलं नव्हतं. मुकुट खुंटीवर डुलला, स्थिरावला. मग राजाच्याच आवाजात, अगदी हळू बोलायला लागला. "मला ठाऊक होतं. तेलाचं ठाऊक होतं. वाळूचं ठाऊक होतं. घाट त्याच्या हाती दिला तेव्हाही आत कुठेतरी ठाऊक होतं. पण तो माझा माणक्या. त्याला शिक्षा करायला माझा हात उठला नाही. मी त्याची बदली करत राहिलो, आणि मनाला सांगत राहिलो की मी दयाळू आहे. ती दया नव्हती. दया असती तर ती बकुळावर आधी केली असती."

दरबारात कुणी हसलं नाही. राजा कानापर्यंत लाल झाला होता. त्या भोपळेवाल्या कारभाऱ्यासारखा!

मग राजानं डोळे पुसले आणि तो वळला. म्हणाला, "माणकोजी, तुझी बदली."

लोकांनी कपाळावर हात मारले. "आली का पुन्हा बदली!" एक भाजीवाली म्हणालीच.

माणकोजीचा चेहरा खुलला. "कुठे, महाराज?"

"नदीपलीकडे. तुरुंगात."

माणकोजी हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. "अरे राजा, मी तुझा दूधभाऊ ना?"

"म्हणून तर मला रडू येतंय, माणक्या," राजा म्हणाला. आणि खरंच रडत रडत त्यानं नवा कायदा सांगितला. "ज्याचा हात रिकामा होता आणि ज्यानं चोरी केली, त्याला शिक्षा. आणि ज्याच्या हातात माझा शिक्का होता, लोकांनी विश्वासानं दिलेली सत्ता होती, आणि तरी त्यानं चोरी केली, त्याला दुप्पट शिक्षा. पागोटं सांगेल, आणि सूर्य मावळला तरी सुटका नाही. नेलं ते भरून द्यायचं, आणि शिक्का पुन्हा कधी हाती यायचा नाही. मग तो माझा भाऊ असो, मुलगा असो, नाहीतर मी असो."

मग तो लिंबाजीबद्दल बोलला. "त्यानं दाणे घेतले, ते खरं. पण पाटीभर दाण्यांची शिक्षा त्यानं कधीच भोगून संपवली. वर जी भोगली, ती माझ्या चुकीची. त्याला आत्ता आणा."

शिपायांनी वाळलेले भोपळे एकत्र बांधून तरंगणारी सांगड केली. तिच्यावर बसवून माणकोजीला पलीकडे नेलं, आणि तिच्याचवरून लिंबाजीला अलीकडे आणलं. नेण्याआधी येसूआईनं माणकोजीच्या गालावरून हात फिरवला आणि त्याच्या डोक्यावरचं जरीचं पागोटं काढून घेतलं. "हे तिकडे लागत नाही, बाळा," म्हणाली.

लिंबाजी आला. बकुळा धावली, त्याच्या गळ्यात पडली. पण हाक नाही आली. तो म्हणायचा, "बोल की गं." ती नुसती त्याच्या खांद्यात तोंड खुपसायची. मग तोही विचारायचा थांबला. नदीकडे मात्र ती पाऊल टाकेना. लांबून पाणी दिसलं तरी बाबाचं बोट घट्ट धरायची.

येसूआईनं घरचा झोपाळा स्वतः उभी राहून उतरवला. सुतारांनी त्याच्या फळ्या घेऊन नवी नाव केली. या वेळी काव नाही, काही नाही. सागाचा आपला उघडा रंग.

पहिला बाजाराचा दिवस आला. येसूआईनं फडक्यात भाकरी बांधली, वर एक कांदा ठेवला, आणि ती बकुळाच्या दारी गेली. म्हणाली, "बकुळाबाई, तू तुझ्या बाबाला भाकरी न्यायचीस. आता मला माझ्या लेकाला न्यायची आहे. मी कधी नेलेली नाही गं. मला लाज वाटते. सोबत येशील?"

बकुळानं तिच्याकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, बाबाकडे बघितलं. मग येसूआईचा हात धरला.

घाटावर सगळा गाव जमला होता. नाव पाण्यात डुलत होती. बकुळा काठावर थांबली. पाय उचलेना. कुणी "चल चल" म्हटलं नाही. मग ती वाकली. नावेच्या फळीवर तिनं आपलं चिमुकलं नख ओढलं. जोरात. ओरखडा नाही! पुन्हा ओढलं. नाहीच. तिनं बोटानं ठोकून बघितलं. टण्ण!

मग ती नावेत चढली.

नाव निघाली. लिंबाजी काठावर उभा, करंजाखाली. नाव मध्यावर आली, जिथे ती पांगाऱ्याची नाव फुटली होती तिथे. आणि पाण्यातून एक बुडबुडा वर आला, मोठा, गोल, मोत्यासारखा. तो नावेला येऊन टेकला आणि फुटला. त्यातून काय निघालं असेल, मनू?

बकुळा ताडकन उभी राहिली आणि ओरडली, "बाबा!"

"काय गं?" लिंबाजी काठावरून ओरडला. त्याचा आवाज फाटला होता.

"काही नाही!" बकुळा ओरडली. "नुसतं!"

सगळा घाट हसला आणि सगळा घाट रडला. करंजानं पानं हलवली. ती हाक नदीवरून पलीकडेही गेली. तुरुंगाच्या गजांमागे माणकोजी उभा होता. त्यानं ती ऐकली. त्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला. डोकं उघडं होतं. आणि मुलांनो, पहिल्यांदाच, अगदी पहिल्यांदाच, तो कानापर्यंत लाल झाला.

येसूआई त्याच्यासमोर बसली. तो खाली मान घालून म्हणाला, "आई, इथली भाकरी कचकचते गं. वाळू लागते."

"तुझ्याच कोठारातली ज्वारी ती, बाळा," ती म्हणाली. "शिक्षा तुला पुरी भोगावी लागेल. त्यातला एक दिवसही मी कमी करून मागणार नाही. पण ही भाकरी आईची आहे. खा." आणि ती घास मोडून त्याला देत राहिली. बकुळानं कांदा फोडून दिला. बुक्कीनं, बाबा फोडायचा तसा.

कडक म्हणजे दुष्ट नव्हे, रेवा. कडक म्हणजे पक्कं, त्या सागासारखं. त्यावर विसंबून लहान मुलीला नदी पार करता येते.

मग काय झालं? चौकातले दिवे पुन्हा भरून जळायला लागले. कासार आला आणि मुलींचे हात हिरवेगार झाले. ज्वारी पाखडली तर सुपात ज्वारीच उरली. दर पाडव्याला आधी राजाचा मुकुट खुंटीवर जायचा आणि मग बाकीच्यांची पागोटी. कधीकधी मुकुट चुकलेलं सांगायचा, मग राजा भरून द्यायचा. माणकोजी शिक्षा भोगून परत आला. शिक्का काही त्याला मिळाला नाही. तो सुतारांकडे काम शिकला आणि लिंबाजीबरोबर लोकांची छपरं नीट करत हिंडला. येसूआई रोज संध्याकाळी राजाला आणि त्याला, दोघांनाही, एकाच पंगतीत वाढायची.

आणि कारभाऱ्यांची ती दुसरी पागोटी? आता दुसरं पागोटं ठेवून काय करायचं! गावातल्या आयांनी ती उलगडली. लांबच लांब, मऊ, सुती. त्यांच्या बाळांसाठी झोळ्या केल्या. घराघरांत तुळईला झोळी, झोळीत बाळ. कुठल्याच बाळाला कधी कळलं नाही, हे कापड आधी कुणाच्या डोक्यावर होतं. बाळं आपली झोके घेत झोपायची.

मनू झोपलासुद्धा. तूही मीट डोळे, रेवा. राहिलं असेल काही विचारायचं, तर विचार सकाळी. आणि मोठी झालीस ना, की अशीच विचारत राहा, चालायचंच म्हणून गप्प बसू नकोस. ते सगळे तिकडे सुखानं नांदले, तुम्ही इकडे सुखानं निजा. नाव पक्की आहे, दिव्यात तेल आहे, काठावर करंज जागा आहे.